जेवाले येतं का नाई

माझ्या धाकट्या भावाच्या बॅन्डच्या कॅसेटी नागपूरहून आल्या, त्या दिवशी मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बसस्टँडवर त्या उतरवून घ्यायला मी गेले होते. जायचं खरं भावाला होतं, पण त्याला आदल्या दिवसापासून भीतीनं ताप भरला होता. कंडक्टरनं खोकं माझ्या हातात देताना विचारलं, "भजनं हायेत का?" मी हौ म्हणून मोकळी झाले. भर स्टँडवर त्याला रॉक म्हणजे काय ते कुठं समजावत बसणार, आणि समजावलं असतं तरी आत जे होतं ते रॉक तरी होतं का, याची मलाच खात्री नव्हती.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी शाळेत हिंदी शिकवत होते आणि घरी मराठी बोलत होते. बॅन्ड म्हणजे तिघं. भाऊ गिटार वाजवायचा आणि गायचा. ड्रम वाजवणारा त्याचा मित्र लग्नात वाजवणाऱ्या बॅन्डवाल्यांच्या घरातला. त्याचे काका-मामा सगळे नवरदेवाच्या घोड्यापुढं चालण्यातच म्हातारे झालेले. तिसरा, बेस गिटारवाला, राइस मिलवाल्यांचा मुलगा. त्याच्या घरी हिंदी. मराठी त्याला सगळी समजायची, पण बोलायला लाजायचा. मी बॅन्डमध्ये नव्हते. पण भावाला मराठी नीट लिहिता येत नसे, त्याची मराठी सगळी कानानं शिकलेली. म्हणून गाण्याचे शब्द लिहून काढायचं काम माझ्याकडं होतं.

आमच्या घरात भाषेची वाटणीच झालेली होती. बाबूजी कलेक्टर कचेरीत नोकरीला. त्यांचं बालपण खैरलांजीकडच्या एका गावात धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत गेलेलं, पण नोकरीला लागल्यावर त्यांनी तिथली बोली धुऊन वाळत घालावी तशी बाजूला ठेवली. कचेरीत हिंदी, पाहुण्यांसमोर पुस्तकातली मराठी. आई मात्र स्वयंपाकघरात मले-तुलेच बोलायची. पुण्याची मावशी आली की तिथंही "मला" सुरू व्हायचं आणि मावशी गेली की आई हुश्श करून म्हणायची, आता तोंड जरा ढिलं सोडते.

भावानं जेव्हा ठरवलं, की अल्बम आपल्या बोलीत करायचा, तेव्हा बाबूजींनी त्याला समोर बसवून विचारलं होतं, की इंग्रजीत कर, हिंदीत कर, या भाषेत तुझं कोण ऐकणार. भाऊ जास्त बोलणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, "आपल्याले घरी ज्या बोलीत रागावतात, त्याच बोलीत गाणं पायजे." बाबूजी त्यावर वर्तमानपत्र उघडून बसले.

अल्बमचं नाव होतं 'रोवणा'. चिखलात वाकून धानाची रोपं लावतात, त्याला आमच्याकडं रोवणा म्हणतात. त्यात गाणी होती आणि गाण्यांपेक्षा आवाज जास्त होते. पोरं टेपरेकॉर्डर घेऊन महिनोन् महिने हिंडली होती. हट्टा गावच्या बावडीत, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत उतरून ड्रमवाल्यानं एकच ढोल वाजवला आणि त्याचा घुमारा पकडला. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीची शिट्टी घेतली. राइस मिलचा पट्टा फटक-फटक वाजतो, त्यावर एक अख्खं गाणं रचलं. आणि एक आवाज घरातलाच होता.

रोज दुपारी भाऊ मागच्या खोलीत गिटार घेऊन बसायचा आणि आई स्वयंपाकघरातून त्याला हाका मारायची. पहिली हाक साधी, दुसरी लांब, तिसरी धारदार. भावानं दरवाज्यामागं टेपरेकॉर्डर ठेवून ती तिसरी हाक पकडली: "काहून रे, जेवाले येतं का नाई?" आणि ती एका गाण्यात पुन्हा पुन्हा बसवली. गिटार चढत जायची, ड्रम कोसळायचा, मध्येच सगळं थांबायचं आणि आईची हाक यायची. मग पुन्हा सगळं सुरू. मला हे माहीत होतं. आईला नव्हतं.

नागपूरला ज्या स्टुडिओत हे सगळं जुळवलं, तिथं बहुतेक देवाच्या कॅसेटी व्हायच्या. तिथला रेकॉर्डिंग करणारा माणूस अल्बमचा पहिला श्रोता. त्यानं सगळं काम मन लावून केलं, कानावरचे हेडफोन काढले आणि शांतपणे विचारलं, की यात देवाचं नाव कुठं येतं. भावानं सांगितलं, येत नाही. तो म्हणाला, बघा, शेवटी एखादा अभंग घालून द्या, निदान विकली तरी जाईल.

त्या खोक्यातली पहिली कॅसेट रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत लागली. तिघं पोरं भिंतीला टेकून जमिनीवर बसली, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. मिलवाले काका, म्हणजे बेसवाल्याचे वडील, खुर्चीवर. बाबूजी दिवाणावर, वर्तमानपत्रासकट. शेजारच्या काकू आणि आई दाराशी. आईच्या हातात तांदळाचं सूप होतं, ती उभ्यानं खडे निवडत होती.

पहिलं गाणं बावडीतल्या ढोलानं सुरू झालं. शेजारच्या काकूंनी आमच्या टेपचा स्पीकर फाटला का म्हणून आईला विचारलं. दुसरं राइस मिलचं. मिलवाले काका पुढं झुकून कान देऊन ऐकू लागले. भावाचा चेहरा उजळला. गाणं संपल्यावर ते आपल्या मुलाकडं वळून म्हणाले, "उस दिन पट्टा ढीला था. दुबारा टेप कर लेना था." एवढंच त्यांचं मत. मग ते गाडीच्या शिट्टीचं लांबलचक वाजवणं, ज्यात एकही शब्द नव्हता. ते चालू असताना काकू घरी जाऊन दूध उतरवून परत आल्या.

मग चौथं लागलं. गिटार चढली, ड्रम कोसळला, सगळं थांबलं. आणि आईची हाक आली.

आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "आली आली." तिला वाटलं, शेजारून कोणी तरी हाक मारली. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिचे हात थांबले. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं, टेपजवळ आली आणि वाकून त्या जाळीकडं बघत राहिली, जणू आत कोणी बसलं आहे.

"हा माह्या आवाज हाय?" तिनं मला विचारलं. मी हौ म्हटलं.

"अन् हे दुकानात विकाले ठेवणार?"

ती सूप उचलून आत गेली. भाऊ तिच्या मागोमाग गेला आणि लगेच परत आला. बाबूजींनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, की गिटार कमी करायला हवी होती, शब्द ऐकू येत नाहीत. नंतर बऱ्याच वेळानं, पाणी प्यायला उठल्यावर, पुढं म्हणाले, की आईला विचारायला हवं होतं.

आई भावाशी चांगली दोन-तीन दिवस बोलली नाही. त्याचं ताट वाढायची आणि हाक मारायची नाही. ताट तसंच झाकून ठेवलेलं असायचं. भाऊ स्वतःच वेळेवर येऊन बसू लागला, आणि घरात दुपारी इतकी शांतता पसरली, की शेजारच्या काकूंनी येऊन चौकशी केली, सगळे बरे आहात ना. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईचं तेवढंच एक वाक्य आलं, की आधी सांगतलं असतं तर गळा तरी साफ केला असता. तिला राग कशाचा होता, ते मला तेव्हा कळलं. हाक बसक्या गळ्यानं निघाली होती.

गावात कॅसेटी दोन दुकानांनी ठेवून घेतल्या. भाऊ कॅसेट ज्याला-त्याला द्यायचा आणि चार दिवसांनी विचारायचा, कसं वाटलं. लोक चांगले होते, मस्त म्हणायचे. मस्त म्हटलं की पुढं विचारायला काही उरत नाही. मी ज्यांच्याकडं पेटी शिकले, त्या माझ्या गुरुजींनी मात्र पूर्ण ऐकली. ते म्हणाले, मुलगा सुरात आहे, पण कोणी मागं लागल्यासारखा धावतो आहे, आणि ती गाडीची शिट्टी त्यांना सगळ्यांत आवडली, कारण ती एकटीच घाई न करता वाजते. भावाच्या कॉलेजातल्या मित्रांना उलट ती शिट्टीच नको होती. त्यांना गिटार हवी होती, बोली नको. एकानं तर स्पष्ट सांगितलं, की काहून हा शब्द गाण्यात आला की गावठी वाटतं, गाडीत लावता येत नाही. पुण्याच्या मावशीनं फोनवर आईला विचारलं, की ही भाषा मुद्दाम विनोदासाठी घेतली आहे का. आई म्हणाली, नाही गं, आमच्याकडं जेवायला असंच बोलावतात. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, हिले काय समजते. अल्बमची बाजू आईनं घेतलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

पण दुकानातल्या कॅसेटी दुकानातच होत्या. भाऊ गिटारला हात लावेनासा झाला. मिलवाल्यांचा मुलगा मिलवर बसू लागला, ड्रमवाला लग्नाच्या बॅन्डात परत गेला. मला वाटलं, संपलं.

आमच्या गल्लीत खैरलांजीच्या बसचा ड्रायव्हर राहायचा. भावानं त्यालाही एक कॅसेट दिली होती आणि विसरूनही गेला होता. मला शाळेच्या परीक्षेच्या कामासाठी खैरलांजीला जायचं होतं, म्हणून मी सकाळची त्याची बस पकडली. वारासिवनीपर्यंत त्यानं सिनेमाची गाणी लावली. वारासिवनीला बस भरली. पिशव्या, कोंबड्या, बाजाराचं सामान. बस सुटली तशी मागून एका बाईनं ओरडून सांगितलं, "ड्रायव्हर भाऊ, ते जेवाचं लावा ना."

मी दचकले. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं, पण ओळख दिली नाही. त्यानं कॅसेट बदलली आणि आमच्या घरातली गिटार त्या बसमध्ये चढू लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, बांध्यांमध्ये धान पिवळं पडायला लागलं होतं. कान मात्र मागं होते. मध्येच सगळं थांबलं आणि आईची हाक आली, तेव्हा बसमधल्या बायांनी ती आईच्या बरोबरीनं मारली. मुलींनी नाही, पुरुषांनी नाही. मागच्या बाकांवरच्या चाळिशी-पन्नाशीच्या बायांनी, आणि ती इतकी बरोबर, तोच उतार, तीच धार, की वाटावं, सगळ्यांच्या घरी हाच टेपरेकॉर्डर दरवाज्यामागं ठेवला असावा.

मग मतं सुरू झाली. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं, की गाणं चांगलं आहे पण पोट्टा काही जेवायला येत नाही, शेवटपर्यंत येत नाही, हे बरोबर नाही. गाण्याच्या शेवटी त्यानं यायला पाहिजे. मागची एक बाई म्हणाली, की येत नाही म्हणूनच खरं आहे. दोघांची चांगली जुंपली. एका तरुण पोरानं सांगितलं, की ही बाई नागपूरची मोठी नटी आहे, त्यानं तिला नाटकात पाहिलं आहे. त्यावर दुसरी बाई म्हणाली, नटी नाही, ही घरची बाई आहे, हिच्या चुलीवर भात उकळून राह्यला, आवाजातच समजते. गाडीच्या शिट्टीचं वाजवणं लागलं तेव्हा अर्धी बस झोपली. ड्रायव्हर पुढून म्हणाला, की या गाण्यावर झोप फार छान लागते, म्हणून मी ते खड्ड्याच्या रस्त्यावर लावतो.

मला सांगावंसं वाटत होतं, की ती माझी आई आहे. पण सांगितलं असतं तर ते सगळे लगेच मस्त म्हणाले असते. खैरलांजीला उतरताना शेजारच्या म्हाताऱ्यांना तेवढं विचारलं, की कॅसेट विकत मिळाली तर घ्याल का. ते म्हणाले, "कायले? बसमध्ये लागते ना."

घरी आल्यावर मी एकेक मत भावाला सांगितलं. म्हाताऱ्यांचं सांगितलं तेव्हा तो हसला. "ही घरची बाई आहे" म्हणणाऱ्या त्या बाईचं सांगितलं तेव्हा उठून गच्चीवर गेला, आणि थोड्या वेळानं वरून गिटार ऐकू आली. आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिनं मला आत बोलावून हळूच विचारलं, "नटी कोण म्हणे?"

त्यानंतर बाजारात खेड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या बायांना, तो आवाज कोणाचा ते कुठून तरी कळलं, बहुधा ड्रायव्हरकडूनच. आई वांगी निवडत असताना एकीनं मान वाकडी करून विचारलं, "काहून बाई, पोट्टा जेवला का?" आई लाजून लाल झाली. पुढच्या बाजाराला ती ठेवणीतली साडी नेसून गेली.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, पाव्हणेरावळे, आणि दिवसा ढोलकीवर नाचत-गात केलेली दंडार. बाबूजींच्या गावचे त्यांचे चुलतभाऊ, आमचे काका, मंडईच्या पंचांपैकी. ते घरी आले आणि चहाची वाट बघता बघता म्हणाले, की बसमधल्या त्या गाण्यावाल्या पोरांना मंडईत बोलवायचं ठरलं आहे, तुमच्या ओळखीतले आहेत असं ऐकलं. बाबूजी म्हणाले, एक तर इथंच आहे, तो चहा घेऊन येतो आहे.

आम्ही सगळे गेलो. मिलवाले काकांनी मेटाडोर दिली. तिच्यात ड्रम, स्पीकर, पोरं, आई-बाबूजी आणि मी. बाबूजी त्या गावी कार्यापुरते जायचे आणि त्याच दिवशी परत यायचे. या वेळी ते सकाळपासूनच काही तरी वेगळे होते. गाव जवळ आलं तशी एकेक बांधी दाखवून कोणाची ते सांगू लागले.

दुपारी एक वाजता दंडारवाल्यांनी आपला नाचायचा मांड मोकळा करून दिला. समोर माणसंच माणसं. एका बाजूला बाया, त्यांच्यात आई, मांडीवर कोणाचं तरी मूल घेऊन. पहिली दोन गाणी लोकांनी शांतपणे, थोडी गोंधळून ऐकली. पाळण्याच्या भोंग्यातून सिनेमाचं गाणं येत होतं आणि आमच्या गाण्यात मिसळत होतं. मग भावानं ते गाणं सुरू केलं. बायांच्या बाजूला हालचाल झाली. गिटार चढली, ड्रम कोसळला, सगळं थांबलं. आईची हाक यावी म्हणून भावानं टेपचं बटण दाबलं. टेपनं घरघर केली, कुंईऽऽ असा आवाज काढला आणि गप्प झाला. ड्रमवाल्यानं झाकण उघडलं तर कॅसेटची फीत आत शेवयांसारखी गुंतलेली.

भाऊ उभा होता. लोक वाट बघत होते. पंचांमध्ये बसलेल्या काकांनीच उठून बायांच्या बाजूला हात केला आणि सांगितलं, की बाई स्वतः आली आहे, तिलाच बोलवा. आई नाही-नाही म्हणत असताना बायांनी तिच्या मांडीवरचं मूल काढून घेतलं आणि तिला पुढं ढकललं. तिच्या हातात माइक आला. पोरांनी पुन्हा गाणं चढवलं, थांबवलं. आईनं पदर सारखा केला, गळा साफ केला आणि माइकमध्ये, पुण्याच्या मावशीशी बोलावं तशा आवाजात, हळू म्हणाली, "का रे, जेवायला येतोस की नाही?"

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग सगळी मंडई हसली. बायांकडून आवाज आले, तसं नाही बाई, तसं नाही. आई गोंधळली. माइक समोर धरला की तिच्या तोंडून पाव्हण्यांची मराठीच निघत होती. दुसऱ्यांदाही तेच झालं. ती माइक परत द्यायला निघाली. तेव्हा भावानं गिटार खाली सोडली आणि घरी म्हणायचा तसंच, तिच्याकडं न बघता म्हणाला, "मले भूक नाई."

आई थांबली.

"काहून नाई?" ती म्हणाली. "सकाळपासून काय खाल्लं तू? काकाच्या घरी ताट वाढलं होतं, तसंच ठेवून पळून आला. काहून रे, जेवाले येतं का नाई? का मी येऊ तिकडं?"

हातातला माइक ती पूर्ण विसरली होती. तिचा शब्दन् शब्द पाळण्यापर्यंत गेला. ड्रमवाल्यानं तिच्या शेवटच्या शब्दावरच काडी मारली आणि गाणं असं सुटलं, की तसं ते कॅसेटमध्ये कधीच नव्हतं. प्रत्येक वेळी थांबायचे तेव्हा आई काही तरी नवंच म्हणायची, कधी भात थंड झाल्याचं, कधी त्याच्या केसांचं, आणि बाया तिच्या मागून म्हणायच्या. दंडारवाल्यांचा ढोलकीवाला न विचारता उठून ड्रमवाल्याशेजारी बसला आणि वाजवू लागला. बेसवाला, आयुष्यात चारचौघांत मराठी न बोललेला, शेवटी माइकपाशी येऊन ओरडला, "येऊन राह्यलो, माय." बसमधल्या त्या म्हाताऱ्यांना हवा होता तसा गाण्याचा शेवट झाला. ते तिथं होते की नाही, मला माहीत नाही.

मी बाबूजींना शोधलं. ते पुरुषांमध्ये मागं उभे होते, काकांच्या खांद्यावर हात टाकून. इतके हसत होते, की चष्मा काढून डोळे पुसत होते. शेजारचा कोणी तरी त्यांना विचारत होता, तो गिटारवाला कोणाचा. "माह्या पोट्टा हाय," बाबूजी म्हणाले. आणि मग त्यालाच, जुन्या ओळखीच्या माणसाला सांगावं तसं, सांगत राहिले, कुठं शिकला, कसं शिकला, आपण त्याला काय बोललो होतो. त्यातला एकही शब्द कचेरीतला नव्हता.

त्या मंडईत किती तरी मतं मिळाली. एका बाईनं आईला सांगितलं, की पोराचं लग्न करा, आपोआप वेळेवर जेवेल. दंडारवाल्यांच्या म्होरक्याला बावडीतला ढोल आवडला, पण त्याच्या मते तो पहिल्यांदा नाही, शेवटी यायला हवा, लोक जागे झाल्यावर. एका मास्तरांनी भावाला बाजूला घेऊन बरंच सांगितलं, आणि भाऊ मान डोलवत ऐकत होता. मस्त कोणीच म्हणालं नाही. काकांच्या घरी सगळे एका पंक्तीला जेवले, बॅन्डवाले आणि दंडारवाले, आणि भावानं तीनदा भात घेतला.

कॅसेटी पुढंही फारशा विकल्या गेल्या नाहीत. पण त्या हंगामात पोरांना आणखी दोन-तीन मंडयांची बोलावणी आली, आणि आई प्रत्येक ठिकाणी गेली. पुढं भाऊ रायपूरला आवाज-रेकॉर्डिंगच्या कामाला लागला, तेच काम आजही करतो. ड्रमवाला लग्नाच्या बॅन्डात ड्रमसेट हातगाडीवर बांधून नेऊ लागला आणि तिकडं त्याचं चांगलं नाव झालं.

त्या दिवशी मंडईतून परतताना उजेड अजून होता. मेटाडोरच्या मागच्या भागात आम्ही सगळे ड्रमांच्या मधल्या जागेत कोंबून बसलो होतो. 'रोवणा'तलं एकही गाणं कोणी गायलं नाही, त्याचा सगळ्यांना पुरता वीट आला होता. बेसवाल्यानं अंताक्षरी काढली. बाबूजी येताना पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, तेही आता मागं आले. आईला जुनी हिंदी गाणी इतकी पाठ आहेत, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. वारासिवनी येईपर्यंत ती जिंकत होती, आणि बाबूजी तिच्या बाजूनं भांडत होते.